तीन तारा, परत दोन

फोरम नव्या कॉम्प्युटरवर हलवायचा होता, एवढंच काम होतं. जुना कॉम्प्युटर अकरा वर्षं चालला. तैवानमधल्या कीलुंगच्या दमट हवेत त्याच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता आणि पंखा म्हाताऱ्या माणसासारखा घरघरत होता. मी गुरुवारची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवली, चहा केला, आणि नव्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर ते ठेवतात. त्याच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’ असा आहे. पाकीट हिरवंच हवं, त्याची तारीख उलटलेली नको, आणि ते कुणी खायचं नाही.

फोरमचं नाव ‘यंत्रखोली’. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लोकांचा हा फोरम. मोठ्या कंपन्या आपल्या लिफ्टच्या बिघाडांचे आकडे कुणाला सांगत नाहीत. छोट्या मिस्त्रींनी मग एकमेकांना विचारायचं, ते इथे. एकोणीसशेच्या आसपास सभासद आहेत. चो मिस्त्रींनी तो सुरू केला. मी नववीत शाळा सोडली आणि त्यांच्या हाताखाली लागलो. कामात हात बरा होता, पण मला माणसांशी बोलता येत नसे. इमारतीच्या मॅनेजरने काही विचारलं की मी बुटांकडे बघत उभा राहायचो. मिस्त्रींना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी फोरम माझ्या हाती दिला. म्हणाले, “माणसं तीच, यंत्रं तीच. फक्त इथे तू लिहिलेलं खोडून पुन्हा लिहू शकतोस.”

फोरमचा एकच कडक नियम आहे, तो मिस्त्रींचाच. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक कुलूप असतं आणि त्या सगळ्या कुलपांतून एकच वीज फिरते. एक दार जरी उघडं असलं तरी वीज तुटते आणि लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र कधीकधी तार लावून ती वीज जोडून घ्यावी लागते. काम झालं की तार काढायची. ती राहिली, तर दार उघडं असतानाही लिफ्ट निघून जाते, आणि आत पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली काही नसतं. म्हणून मिस्त्री प्रत्येक शिकाऊ माणसाला लाल रंगाच्या तीन तारा द्यायचे. प्रत्येक तारेला मात्सू देवीच्या देवळातून आणलेली एक बारकी पितळी घंटी बांधलेली असायची. आणि फोरमवर प्रश्न विचारणाऱ्याने शेवटी परत येऊन लिहायचं: तारा किती लावल्या, किती परत आल्या. दोन आकडे जुळले की तो धागा, म्हणजे त्या प्रश्नाची चर्चा, बंद. तो बंद करायचा प्रश्न विचारणाऱ्यानेच. दुसऱ्या कुणी नाही, फोरमच्या चालकानेही नाही.

त्या सकाळी मी तोच नियम मोडला.

नव्या कॉम्प्युटरवरची व्यवस्था उघडे धागे जुन्या पद्धतीने घ्यायला तयार नव्हती. असे एक्केचाळीस जुने धागे होते. लोकांनी तारा लावल्याचं लिहिलं होतं, काढल्याचं लिहायला ते परत आले नव्हते. विसरले असतील, धंदा सोडला असेल. मी एका ओळीची आज्ञा लिहिली: जिथे ‘परत’चा आकडा रिकामा आहे, तिथे लावलेल्या तारांचा आकडा भरावा आणि धागा बंद करावा. बटण दाबलं. दोन सेकंदांत एक्केचाळीस धागे बंद झाले. मी चहा प्यायलो.

अर्ध्या तासाने बघितलं तर एक उघडा होता. बावीसशे सात क्रमांकाचा. तारा तीन, परत दोन.

माझीच चूक असेल असं वाटलं. दोनचे तीन केले, धागा बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा उघडा. तारा तीन, परत दोन. तिसऱ्यांदा मी सगळी जुनी माहिती पुसून नव्याने भरली आणि पडद्याकडे बघत बसलो. बाहेर पाऊस होता. इथे तो असतोच. माझ्या डोळ्यांसमोर तीनचे दोन झाले.

तेव्हाही मी घाबरलो नव्हतो, खरंच. कॉम्प्युटर असले चाळे करतात. मी धागा वाचायला घेतला. तो नऊ वर्षांपूर्वीचा होता. लिहिणाऱ्याचं फोरमवरचं नाव ‘ओला रुमाल’. त्याने लिहिलं होतं: बारा मजली इमारत, बंदराजवळ. दोन नंबरची लिफ्ट कुणी न बोलावता सातव्या मजल्यावर थांबते, दार उघडते, बाहेर कुणी नसतं. दोघाचौघांनी उत्तरं दिली होती. मग त्याची शेवटची नोंद: “तीन तारा लावल्या आहेत. आता बघतो.”

मी चो मिस्त्रींना फोन लावला. ते हल्ली ह्वालियेनला मुलीकडे असतात.

“जेवलास का?” ते म्हणाले. त्यांचा फोन असाच सुरू होतो.

“हो. मिस्त्री, ‘ओला रुमाल’ नावाचा कोण होता आपल्याकडे?”

“येह,” ते म्हणाले. “तू यायच्या आधीचा. कामात पक्का. कपाळाला ओला रुमाल बांधायचा, उन्हाळा असो की नसो. हाय-यून इमारतीत पडला. वरून थेट खाली, खड्ड्यात. पाय घसरला असं लिहिलं सगळ्यांनी.”

“त्याच्या तारा?”

“पिशवीत दोन सापडल्या. मी स्वतः मोजल्या.”

“आणि तिसरी?”

“तिसरी शोधायला आत कोण उतरणार होतं? लिफ्टला सील लावलं. झालं.” मग हळूच त्यांनी विचारलं, “आ-युआन... तू तो धागा बंद तर केला नाहीस ना?”

“तीनदा,” मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

परत पडद्याकडे वळलो तर धाग्यात नवी नोंद होती. अकरा वाजून वीस मिनिटं. ‘ओला रुमाल’.

“तार राहिली आहे.”

प्रत्येक नोंदीबरोबर ती कुठल्या पत्त्यावरून आली तो आकडा साठत असतो. कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी तो काढला. पत्ता खुद्द नव्या कॉम्प्युटरचाच होता. म्हणजे लिहिणाऱ्याने त्याच यंत्रासमोर बसून ते लिहिलं होतं. नवा कॉम्प्युटर माझ्या टेबलाखाली होता, माझ्या गुडघ्याला टेकलेला, कोमट. मी लॅपटॉपवरून त्याच्यावर काम करत होतो; त्याला स्वतःचा कीबोर्ड जोडलेलाच नव्हता.

आणि मग मला युए-चिन ताई आठवली.

युए-चिन ताई आमची सभासद. पंचेचाळिशीची, परवाना असलेली, एकटी काम करणारी. फोरमवर सगळ्यांची टर उडवते आणि सगळ्यांना मदतही करते. सोमवारीच तिने गप्पांच्या धाग्यात लिहिलं होतं: बंदराजवळ एका इमारतीत नऊ वर्षं सील असलेली लिफ्ट सुरू करून द्यायची आहे, कोळ्यांची जाळी काढण्याचे वेगळे पैसे मिळतील का? इमारत हाय-यून. लिफ्ट ताब्यात द्यायची ती गुरुवारी, म्हणजे त्याच दिवशी, चार वाजता.

मी आयुष्यात तिला फोन केला नव्हता. तीनदा नंबर लावून तोडला. चौथ्यांदा वाजू दिला.

“अगं बाई, फोरमचे मालक!” ती म्हणाली. मागे हातोडीचे ठोके ऐकू येत होते. “तुला आवाज आहे होय? मला वाटायचं तू नुसताच टाइप करतोस.”

“ताई, त्या लिफ्टमध्ये... एक तार राहिली असेल. सातव्या मजल्यावर.”

“कुणी सांगितलं?”

मी खरं काय सांगणार होतो? “जुन्या धाग्यात आहे. तीन लावल्या, परत दोनच.”

“अरे, मी प्रत्येक मजल्याचं कुलूप तपासलंय. दार उघडलं की लिफ्ट थांबते. सगळीकडे.”

“सातव्यावर पण?”

ती जरा थांबली. “सातव्याला बाहेरून प्लायवूड ठोकलंय. आत्ता काढतायत तेच. तपासते ना मग.” आणि पुन्हा तिचा नेहमीचा सूर. “तुला एवढी काळजी असेल तर ये की इकडे. सहा वर्षं फोरमवर सगळ्यांना शिकवतोयस, एकदा हाताला ग्रीस लागू दे.”

मी छत्री घेऊन निघालो.

हाय-यून इमारतीच्या पायरीशीच वास आला. ओली भिंत, जुनं तेल, आणि खालच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती. पाचव्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र सुरू होत होतं. मॅनेजर त्साय हातात यादी घेऊन फिरत होते.

“चार म्हणजे चार हं, मॅडम,” ते म्हणाले. “आजीआजोबा खाली येऊन बसणार आहेत. फुगेसुद्धा लावलेत.”

“फुगे लिफ्टला बांधू नका म्हणजे झालं,” युए-चिन ताई म्हणाली. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “एवढासा आहेस होय तू? फोरमवर चांगला दांडगा वाटतोस.”

मी बुटांकडे बघितलं.

वर यंत्रखोलीत तिने वीज जोडणीच्या फळीवर आपल्या दोन लाल तारा लावल्या, म्हणजे तपासणीच्या वेगाने लिफ्ट हलवता येईल. मोठ्याने म्हणाली, “लावल्या दोन.” मिस्त्रींची रीत. तीही त्यांच्याचकडे शिकलेली. मग आम्ही लिफ्टच्या टपावर उतरलो. बटण तिच्या हातात, विजेरी माझ्या. अडीच वाजले होते. बाहेर दिवस होता, पण लिफ्टच्या त्या उभ्या बोगद्यात दिवस कधीच येत नाही. लिफ्ट हळूहळू खाली सरकू लागली. भिंतीवरून पाणी झिरपत होतं. दोर तेलाने चकाकत होते. दहावा मजला गेला. नववा गेला.

“काय रे, गप्प का?” ती म्हणाली. “ओळी खोडून पुन्हा लिहितोयस का मनातल्या मनात?”

आठव्याच्या खाली तो आवाज आला.

किण्.

एकदाच. बारीक, जवळून.

तिने बटण सोडलं. लिफ्ट थांबली. दोघंही हललो नाही. दोर जरासा करकरला आणि मग काहीच नाही.

“तुझी आहे का... घंटी?” तिने कुजबुजत विचारलं.

“मी तारा आणल्याच नाहीत ताई.”

“माझ्या वर आहेत...”

किण्.

या वेळी तो उजवीकडून आला, भिंतीवरून जाणाऱ्या तारांच्या पन्हळीमागून. मी विजेरी तिकडे धरली. सातव्या मजल्याच्या दाराजवळ एक चपटी लोखंडी पेटी होती, पन्हळीच्या पाठीमागे, समोरून न दिसणारी. अशा जागी कुणी पेटी बसवत नाही. ताईने हात आत घातला, चाचपडला, आणि तिचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक लाल तार होती. जुनी, चिकट, तिच्या मधोमध एक काळी पडलेली घंटी. तार काढल्याबरोबर यंत्रखोलीत वर कुठेतरी खट् असा आवाज झाला. नऊ वर्षं जुळलेलं काहीतरी सुटलं होतं.

“प्लायवूड निघाल्यावर,” ती म्हणाली, “दार उघडं राहिलं असतं आणि लिफ्ट खाली गेली असती, तर...” पुढचं ती बोलली नाही. “ही तुझ्याकडे ठेव. माझ्या पिशवीत नको.”

मी ती तार खिशात घातली.

आम्ही वर गेलो. यंत्रखोलीत ती घाईघाईने आवरत होती. मी दाराशी उभा राहून बाहेरच्या पावसाकडे बघत होतो. मला तिथे आत राहायचं नव्हतं, हे खरं. पावणेचारला खाली उतरलो. जिन्याने. मॅनेजर त्सायनी कागदावर सही घेतली आणि आम्ही समोरच्या गल्लीतल्या टपरीवर माशाच्या गोळ्यांचं सूप घेऊन बसलो. ती एकदम जोरात हसली.

“काय रे, आ-युआन. आता लग्न ठरवू का तुझं? एवढं धाडस आहे तर!”

मीही हसलो. वाफ चष्म्यावर बसली. ती पुसून मी फोनवर फोरम उघडला. तो धागा मला बंद करायचा नव्हता. येह मिस्त्रींसाठी खाली दोन ओळी लिहायच्या होत्या फक्त.

धागा बंद झालेला होता. तारा तीन, परत तीन. तीन वाजून एक मिनिटाने. म्हणजे ताईने पेटीत हात घातला तेव्हा.

मी ती वेळ दोनदा वाचली. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं.

मग खाली आणखी एक ओळ उमटली. आत्ताची.

“आजच्या दोन?”

“ताई,” मी म्हणालो. “तुमच्या तारा मोजा.”

“काढल्या ना मी.”

“मोजा.”

माझ्या आवाजात काय होतं माहीत नाही, पण ती चिडली नाही. पिशवी उलटी केली. पक्कड, पेचकस, ग्रीसची डबी, चिकटपट्टी. एक लाल तार. तिने पिशवी झटकली. पुन्हा झटकली.

आम्ही धावलो. सूप तसंच राहिलं.

खालच्या दालनात फुगे होते, खुर्च्यांवर आजीआजोबा, आणि लिफ्टसमोर एक काठीवाले आजोबा. मॅनेजर त्साय त्यांना हसत पुढे करत होते. लिफ्टचं दार उघडं होतं. आणि ते उघडं असतानाच, कुणीही बटण न दाबता, लिफ्ट वर सरकू लागली. तिची जमीन आजोबांच्या गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत, आणि खाली काळोखाची फट रुंदावत गेली. आजोबांचं लक्ष फुग्यांकडे होतं. त्यांनी पाऊल उचललं.

युए-चिन ताईने त्यांना कॉलरला धरून मागे ओढलं. दोघंही खाली पडले. काठी मात्र आत गेली. ती खड्ड्यात पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला नाही.

“अहो बाई, हा काय प्रकार आहे?” आजोबा रागावून म्हणाले. “माझी काठी!”

बारा मजले आम्ही जिन्याने चढलो. यंत्रखोलीत फळीवर, अगदी समोर, तिची दुसरी लाल तार लटकत होती. घंटीसकट. ताईने मुख्य वीज तोडली, तार काढली आणि तिथेच जमिनीवर बसली.

“मी काढल्या होत्या रे,” ती म्हणाली. “दोन्ही. मोठ्याने मोजल्या. तू होतास ना... तू ऐकलंस ना?”

“मी तेव्हा पावसाकडे बघत होतो, ताई,” मी म्हणालो.

हे होऊन महिना झाला. ती आज्ञा मी उलटवली. उरलेले चाळीस धागे पुन्हा उघडे केले आणि ज्यांचे नंबर मिळाले त्या सगळ्यांना फोन केले. मी, स्वतः. एकोणीस जणांनी तारा परत आल्याचं सांगितलं आणि आपापले धागे बंद केले. एकवीस अजून उघडे आहेत. ते मी बंद करणार नाही. नव्या कॉम्प्युटरने ते घेतले नाहीत म्हणून जुनाच पुन्हा लावला आहे. पंखा घरघरतो, पण चालतो.

येह मिस्त्रींची तार मी त्याच्यावर ठेवली आहे, हिरव्या पाकिटाशेजारी. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती कपड्याने पुसली. घंटीतला काळा थर काढला, उजेडात धरून आत बघितलं. घंटीच्या आत लोलकच नाही. ज्याला तो अडकवतात तो आकडाही गंजून गेला आहे. ती वाजूच शकत नाही. मी कितीदा हलवून बघितली.

काल दुपारी मी जेवत होतो आणि ती वाजली.

एकदाच.

मी पडद्याकडे बघितलं नाही. आधी युए-चिन ताईला फोन लावला. ती कामावर होती. तैपेईत कुठल्याशा इस्पितळात, लिफ्टच्या टपावर. मी काही बोलायच्या आतच ती थबकली. माझा फोन कशासाठी असतो ते तिला आता कळतं.

“मोजते,” ती हळूच म्हणाली. “थांब... मोजते...”